कुरोदा कानबेई : वेढे, वाटाघाटी आणि आरिओकाची कोठडी

रानवारा

सोळाव्या शतकातल्या जपानच्या यादवीचा विषय इथे निघाला की चर्चा देश एका छत्राखाली आणणाऱ्या नोबुनागा, हिदेयोशी आणि इएयासु या तिघांभोवतीच फिरते. आज मला या तिघांच्याही पदरी काम केलेल्या एका सेनानीबद्दल लिहायचं आहे. त्याचं नाव कुरोदा योशिताका. बोलीत सगळे त्याला कानबेई म्हणतात. उतारवयात डोकं भादरल्यावर तो जोसुई झाला.

कानबेईची ओळख 'हिदेयोशीचा चाणाक्ष सल्लागार' अशी दोन शब्दांत करून दिली जाते. मला ती अपुरी वाटते. हातात तलवार धरून त्याने गाजवलेला पराक्रम फारसा सापडत नाही. सापडतं ते असं : समोरच्याच्या किल्ल्यात किती धान्य आहे, कोण कोणावर रुसलंय, कुणाला जिवाची हमी दिली तर दरवाजा उघडेल, हे त्याला आधी कळायचं. मग तो स्वतः उठून त्या दरवाजाशी जायचा. यातल्या एका फेरीने त्याचं आयुष्य जवळजवळ संपवलं होतं.

१५४६ साली हारिमा प्रांतात, हिमेजीत त्याचा जन्म झाला. आज हिमेजी म्हटलं की पांढराशुभ्र भव्य किल्ला डोळ्यांपुढे येतो, पण तो नंतरचा. कानबेईच्या बापाकडे होती ती साधी गढी. घराणं कोदेरा नावाच्या स्थानिक सरदाराचं चाकर होतं. पश्चिमेला मोरी हे बलाढ्य घराणं, पूर्वेकडून नोबुनागा सरकत येतोय, आणि मधे हारिमातले लहान लहान सरदार. कुणाच्या छत्राखाली जायचं, हा तिथल्या प्रत्येक घरातला प्रश्न होता. १५७५ मध्ये तिशीच्या आतल्या कानबेईने धन्याला नोबुनागाकडे जायचा सल्ला दिला आणि स्वतः जाऊन नोबुनागाची भेट घेतली. त्या भेटीत मिळाली असं सांगतात ती 'हेशिकिरी हासेबे' ही तलवार आज फुकुओका शहराच्या संग्रहालयात आहे.

दोन वर्षांनी हिदेयोशी फौज घेऊन हारिमात उतरला, तेव्हा कानबेईने आपली हिमेजीची गढीच त्याला राहायला देऊन टाकली. दहा वर्षांचा एकुलता मुलगा शोजुमारु ओलीस म्हणून नोबुनागाकडे पाठवला. हिदेयोशीचं त्याच वर्षीचं एक पत्र आहे. त्यात तो कानबेईला लिहितो की तू मला माझ्या सख्ख्या भावासारखा आहेस.

आणि मग १५७८ उजाडलं. आधी हारिमातल्याच मिकी किल्ल्याचा सरदार बेश्शो नागाहारु उलटला. वर्षाच्या शेवटी नोबुनागाचा मोठा सरदार अराकी मुराशिगे आपल्या आरिओका किल्ल्यातून बंड करून उठला. कानबेईचा धनी कोदेराही डळमळला. कोदेराने कानबेईला सांगितलं, मुराशिगेने विचार बदलला तर मीही बदलीन, तू जाऊन त्याला समजाव. कानबेई निघाला. इकडे कोदेराने मुराशिगेला गुपचूप कळवून ठेवलं होतं की हा माणूस येतोय, त्याचा निकाल लाव. ज्याच्यासाठी शिष्टाई करायला निघाला त्यानेच त्याला विकलं होतं.

मुराशिगेने जीव घेतला नाही, कोठडीत टाकलं. जवळपास वर्षभर कानबेई तिथे होता. जागा दमट आणि अरुंद होती, पाय लांब करायची सोय नव्हती असं घराण्याची बखर सांगते. बाहेर आला तेव्हा एक पाय कायमचा अधू झाला होता आणि डोक्यावरची कातडी खराब झाली होती.

बाहेर नोबुनागाला एवढंच दिसत होतं की कानबेई शत्रूच्या किल्ल्यात गेला आणि परत आला नाही. त्याने अर्थ लावला, हाही फितूर. ओलीस मुलाला मारा, असा हुकूम सुटला. हिदेयोशीचा दुसरा सल्लागार ताकेनाका हानबेई याने हुकूम बजावल्याचं कळवलं आणि मुलाला मिनोतल्या आपल्या मुलखात लपवून ठेवलं. उघडकीला आलं असतं तर हानबेईचं घर बुडालं असतं. हानबेई आधीपासून आजारी होता. १५७९ च्या उन्हाळ्यात, मिकीच्या वेढ्याच्या छावणीतच तो वारला, वय पस्तीसच्या आसपास. कानबेई सुटला त्याच वर्षीच्या हिवाळ्याच्या तोंडावर. दोघांची पुन्हा भेट झाली नाही.

किल्ला पडला तेव्हा कुरियामा झेनसुके या चाकराने आत घुसून धन्याला बाहेर काढलं. मुराशिगे त्याआधीच किल्ल्यातून निसटला होता. मागे राहिलेल्या त्याच्या माणसांचं नोबुनागाने काय केलं ते वाचवत नाही. शंभरावर बायकांना आमागासाकीजवळ मारलं, पाचशेहून जास्त नोकरचाकर, बायकामुलं घरांत कोंडून जाळली, घरच्यांची मुंडकी क्योतोत उडवली.

ज्या नोबुनागाने आपल्या पोराला मारायचा हुकूम दिला, त्याच्याच बाजूने कानबेई पुढेही लढत राहिला. तेवढं आधी लावत असलेलं कोदेराचं आडनाव टाकून तो पुन्हा कुरोदा झाला. मला या माणसात गुंतवून ठेवणारी गोष्ट हीच. विश्वासाने बोलायला गेल्याची एवढी किंमत मोजल्यावर माणसाने पुन्हा कुणाच्या दारात जाऊ नये. हा आयुष्यभर जात राहिला. १५९० मध्ये ओदावाराला दोन लाखांच्या आसपास फौज वेढा घालून बसली होती. तेव्हा शरणागतीचं बोलायला किल्ल्यात गेला तो हा लंगडा कानबेईच. किल्ल्याचा धनी होजो उजिनाओने दरवाजे उघडले आणि मध्यस्थीबद्दल त्याला एक तलवार, एक पांढरा शंख आणि कामाकुरा काळाच्या इतिहासाची हस्तलिखित प्रत दिली.

बाकी ताकामात्सुचा वेढा, नैऋत्येकडचं क्युशू बेट, सेकिगाहाराची लढाई हे प्रतिसादांत बोलूच.

सांजवेळ

फार छान लिहिलंय. मुलगा लपवल्याचा भाग दोनदा वाचला. त्या मुलाची आई या सगळ्यात कुठे होती? आणि मुलाचं पुढे काय झालं?

रानवारा

सांजवेळताई, आई हिमेजीच्या घरात होती. ती कुशिहाशी घराण्यातली, आणि तिचं माहेर बेश्शोच्या बाजूने गेलेलं. म्हणजे नवरा कोठडीत, मुलगा मेल्याची बातमी, माहेर शत्रुपक्षात. त्या वर्षात कुरोदांच्या चाकरांनी एकत्र येऊन शपथपत्र लिहून दिलं की धनी परत येईपर्यंत आम्ही घराशी इमान राखू. ते कागद टिकले आहेत. कानबेईने आयुष्यात दुसरी बायको केली नाही की उपपत्नी ठेवली नाही. त्या काळातल्या सरदारांत हे क्वचित दिसतं. दुसरा मुलगा कुमानोसुके हा १५८२ चा. तो १५९७ मध्ये कोरियाकडे जाताना समुद्रात बुडाला.

मोठा मुलगा म्हणजे कुरोदा नागामासा. १६०० साली, इएयासुला देशाची सत्ता मिळवून देणाऱ्या सेकिगाहाराच्या लढाईत तो उत्तरेकडच्या एका टेकडीवर उभा होता आणि त्याच्या शेजारी होता ताकेनाका शिगेकादो. हा हानबेईचा मुलगा. ती जमीनही ताकेनाकांच्याच जहागिरीतली.

काजवा

लेख आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो. 'बोलणी करून जीव वाचवणारा' हे चित्र पूर्ण करायचं तर तोत्तोरीचं काय? १५८१ मध्ये हिदेयोशीने तिथे जे केलं ते मी वाचलेल्या वेढ्यांतलं सगळ्यात थंड डोक्याचं क्रौर्य आहे. वेढ्याच्या आधी व्यापारी पाठवून आसपासचं धान्य चढ्या भावाने विकत घेतलं. किल्ल्यातल्या लोकांनीही लोभापायी आपल्या कोठारातला तांदूळ विकला असं सांगतात. मग गावागावांतून शेतकऱ्यांना किल्ल्याकडे हाकललं, म्हणजे खाणारी तोंडं वाढली. आणि मग नाकेबंदी. गवत संपलं, घोडे संपले, शेवटी कुंपणाशी गोळी लागून पडलेल्या माणसाच्या अंगावर बाकीचे सुरे घेऊन धावले. हे शत्रूने रचलेलं नाही, नोबुनागाच्याच चरित्रात लिहिलेलं आहे.

असल्या योजनेत सल्लागार म्हणून वावरलेला माणूस 'धान्याचा हिशेब जाणणारा' होता हे खरंच. पण तो हिशेब उपाशी पोटांचा होता.

रानवारा

काजवा, आक्षेप रास्त आहे आणि तो बाजूला सारायचा नाही. फक्त कानबेईच्या वाट्याला किती घालायचं ते बघू. तोत्तोरीची योजना सरसकट त्याच्या नावावर मांडतात, पण त्याच वर्षी हिदेयोशीने त्याला आवाजी आणि शिकोकू या बेटांच्या कामावर लावलं होतं. धान्य विकत घ्यायची कल्पना त्याची, असं सांगणारा त्या काळचा कागद मला माहीत नाही. त्याआधीचा मिकीचा वेढा मात्र पावणेदोन वर्षांच्या वर चालला. त्यातलं बरंचसं तो कोठडीत असताना झालं आणि शेवटचे महिने तो छावणीत होता. उपासमारीने किल्ला घ्यायची पद्धत त्याने जवळून पाहिली, वापरली आणि तिच्यामुळे तो मोठाही झाला. हे मी नाकारत नाही.

तोत्तोरीचा किल्लेदार किक्कावा त्सुनेइए याच्याबद्दल लिहायलाच हवं. तो त्या किल्ल्याचा मूळ धनीही नव्हता. मोरींनी त्याला वेढ्याच्या काही महिने आधी तिथे पाठवलं. शरणागतीच्या वेळी हिदेयोशी त्याला सोडायला तयार होता, दोष जुन्या कारभाऱ्यांचा आहे म्हणत होता. त्सुनेइएने ऐकलं नाही. मरायच्या आधी त्याने आपल्या मुलांना लिहिलेलं पत्र उपलब्ध आहे. लहान मुलांना वाचता यावं म्हणून अवघड चित्राक्षरं टाळून सोप्या लिपीत लिहिलेलं. त्यात तो सांगतो की तोत्तोरीत रात्रंदिवस दोनशे दिवस तग धरला, आता अन्न उरलं नाही, मी एकट्याने पोट कापून बाकीच्यांना वाचवतो आहे, घराण्याचं नाव राहील, ही आनंदाची हकीकत ऐका. पस्तिशीचा बाप पोरांना आनंदाची हकीकत म्हणून हे कळवतो.

काजवा

या पत्राबद्दल ठाऊक नव्हतं. धन्यवाद. एक भर घालतो. किल्ला उघडल्यावर हिदेयोशीच्या माणसांनी उपाशी लोकांना पेज वाढली आणि ज्यांनी घाईने भरपूर खाल्लं त्यातले बरेच जण तिथेच मेले. दीर्घ उपासानंतर एकदम खाल्लं की रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन हृदय बंद पडू शकतं, हे आजचं वैद्यक सांगतं. तोत्तोरीचा उल्लेख त्या आजाराच्या जुन्या नोंदींत आता घेतला जातो.

पाटकरी

मी मातीच्या धरणांच्या कामावर नोकरी केली आहे, म्हणून ताकामात्सुच्या वेढ्याबद्दल लिहितो. १५८२ चा उन्हाळा, बित्चू प्रांत. किल्लेदार शिमिझु मुनेहारु. हा किल्ला डोंगरावरचा नव्हे. सपाट, दलदलीच्या जमिनीत बसवलेला. भोवतीचा चिखल हेच त्याचं संरक्षण. घोडा जात नाही, माणूस कमरेपर्यंत रुततो. त्या दलदलीत आणखी पाणी सोडलं तर किल्ल्याचं बेट होईल, ही सूचना कानबेईची असं परंपरा सांगते.

परंपरेतला बांध असा : लांबी सुमारे २.८ किलोमीटर, उंची सात मीटरच्या वर, तळाशी रुंदी बावीसच्या आसपास आणि माथ्यावर अकरा मीटर. बारा दिवसांत पुरा. जरा आकडेमोड करू. छेदाचं क्षेत्रफळ येतं साधारण ११८ चौरस मीटर. लांबीने गुणलं की सव्वातीन लाख घनमीटरच्या वर माती. म्हणजे रोज सत्तावीस-अठ्ठावीस हजार घनमीटर. कुदळीने खणून, टोपलीत भरून, डोक्यावर वाहून बांधावर टाकायची तर एक माणूस दिवसाला दीड घनमीटर करतो असं धरा, आणि हे मी उदारपणे धरतोय. रोज अठरा हजार माणसं अखंड लागतील. शिवाय धुम्मस करायला वेगळी. हिदेयोशीची अख्खी फौजच तीस हजारांच्या घरात होती. ती मोरींच्या मदतीला येणाऱ्या सैन्यावरही नजर ठेवून होती.

म्हणून काही अभ्यासक म्हणतात ते मला पटतं : अख्खा बांध बांधायची गरजच नव्हती. नदीकाठचा नैसर्गिक उंचवटा होताच. पाणी निसटून जायची जी खिंड होती तेवढी काही शे मीटर बुजवली, आशिमोरी नदी आत वळवली आणि वर पावसाळा सुरू झाला. जागा ओळखणं हेच खरं काम. उतार कुठला, पाणी कुठून जातं, पाऊस कधी लागतो. ज्याने कुणी हे ओळखलं त्याला जमीन वाचता येत होती. मातीच्या पोत्यामागे पैसे आणि तांदूळ रोख मोजले म्हणून गावकरी धावत आले, अशीही हकीकत आहे. एवढ्या घाईचं काम वेठबिगारीने होत नाही, म्हणून ती मला खरी वाटते.

उगवतीकडे

मी कामानिमित्त ओसाकाजवळ राहते. पाटकरी यांच्या प्रतिसादामुळे लिहिते आहे. ताकामात्सु किल्ल्याच्या जागी आता बाग आहे, कमळांची तळी आहेत. आग्नेयेला कावाझुगाहाना म्हणून जागा आहे, तिथे बांधाचा उरलेला तुकडा जपून ठेवलाय. तिथे उभं राहून किल्ल्याकडे पाहिलं की तिन्ही बाजूंना टेकड्या आणि ही एकच उघडी बाजू दिसते. लहान बांध पुरला असेल, हे डोळ्यांनाच पटतं.

आरिओका तर आमच्या रोजच्या वाटेवर. इतामी स्टेशनातून बाहेर पडलं की समोरच दगडी तटाचे अवशेष आहेत. लोक त्याच्या कडेने ऑफिसला जातात. कोठडीच्या खिडकीतून कानबेईला वेलीवरची फुजीची जांभळी फुलं दिसायची आणि तेवढ्याच आधाराने तो तगला, म्हणून पुढे कुरोदांनी त्या फुलाचं चिन्ह घेतलं, अशी गोष्ट इथे सांगतात.

रानवारा

दोघांचेही आभार. धाग्याला यामुळे वजन आलं.

ताकामात्सुचा शेवट सांगायचा राहिला. किल्ला पाण्यात, मोरींची मदतीला आलेली फौज समोरच्या डोंगरावर हतबल, तहाची बोलणी चाललेली. अशात १५८२ च्या जूनमध्ये क्योतोत नोबुनागाचाच सरदार आकेचि मित्सुहिदे याने नोबुनागावर झडप घातली आणि नोबुनागा होन्नोजी मंदिरात संपला. बातमी हिदेयोशीच्या छावणीत पोचली दुसऱ्या दिवशी रात्री. मोरींना ती कळायच्या आत तह उरकायचा होता. तिसऱ्या दिवशी शिमिझु मुनेहारुने भोवतालच्या पाण्यात होडी घातली, दोन्ही फौजांच्या देखत पोट कापलं आणि त्या बदल्यात किल्ल्यातल्या लोकांना जीवदान मिळालं. मग हिदेयोशीची फौज वळली आणि दोनशे किलोमीटरच्या आसपास मजल मारून अकराव्या दिवशी यामाझाकीला मित्सुहिदेपुढे उभी ठाकली. वाटेत विसावा आणि शिधा कुठे मिळाला? हिमेजीत. पाच वर्षांपूर्वी कानबेईने देऊन टाकलेली तीच जागा.

बातमी ऐकून हिदेयोशी सुन्न झाला आणि कानबेई कानात म्हणाला की आता तुमचं नशीब उघडलं, ही गोष्ट फार लोकप्रिय आहे. त्यानंतर हिदेयोशी त्याला वचकून राहिला असंही म्हणतात. मी ती मूळ लेखात मुद्दाम घेतली नाही. कुरोदांची बखर लिहिली काइबारा एक्केनने, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात, कुरोदांच्याच नोकरीत असताना. तिच्यात आणि तिच्यानंतर अशा खूप गोष्टी चिकटल्या. सेकिगाहाराहून परतलेला नागामासा सांगतो की इएयासुने माझा उजवा हात हातात घेतला, आणि बाप विचारतो, तेव्हा तुझा डावा हात काय करत होता? ऐकायला जबरदस्त, पण ही तर अगदी अलीकडच्या चरित्रांतली भर आहे.

मांडवीकाठ

एक बाजू कुणी मांडली नाही म्हणून लिहितो. कानबेई ख्रिस्ती होता. ताकायामा उकोन या ख्रिस्ती सरदाराच्या संगतीने १५८० च्या दशकात त्याने बाप्तिस्मा घेतला, नाव मिळालं सिमेओन. 'सिमेओन जोसुई' असं रोमन अक्षरांत कोरलेला त्याचा शिक्का होता आणि पत्रांवर तो उमटवायचा.

आणि हा धागा गोव्यापर्यंत येतो. जपानातलं जेझुइटांचं काम त्या काळी गोव्याच्या छत्राखाली चालायचं. त्या कामाचा प्रमुख वालिन्यानो याने युरोपला पाठवलेली चार जपानी मुलं जातायेता गोव्यात राहिली. परतीच्या वाटेवर १५८७ मध्ये त्यातल्या हारा मार्तिन्योने गोव्यात लॅटिनमधून भाषण केलं आणि पुढल्या वर्षी ते गोव्यातच छापलं गेलं. मात्र १५८७ च्याच उन्हाळ्यात, क्युशू जिंकल्यावर, हिदेयोशीने हाकाताहून पाद्र्यांना देशाबाहेर काढायचा हुकूम सोडला. उकोनने धर्म सोडायचं नाकारलं आणि जहागीर गमावली. कानबेई त्याच मोहिमेत होता, त्याच हाकाताच्या पुनर्रचनेवर त्याला नेमलं होतं, आणि तो आपल्या जागी राहिला.

नंतर १५९१ मध्ये वालिन्यानो हिदेयोशीला भेटला तो धर्मगुरू म्हणून नव्हे, गोव्याच्या व्हाइसरॉयचा वकील म्हणून. सोबत अरबी घोडा आणि चर्मपत्रावरचं सजवलेलं पत्र. ते पत्र आजही क्योतोत आहे आणि जपानने त्याला राष्ट्रीय ठेवा ठरवलं आहे. ओल्ड गोव्याच्या पडक्या भिंतींतून हिंडताना मला हे नेहमी आठवतं.

काजवा

मांडवीकाठ, उत्तम माहिती. पण मग दुसरा प्रश्न उभा राहतोच. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाच्या नाकात्सु किल्ल्यात १५८८ ला जे झालं त्याचं काय?

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : क्युशू जिंकल्यावर कानबेईला बुझेन प्रांतात सुमारे एक लाख वीस हजार कोकूची (कोकू म्हणजे तांदळाच्या उत्पन्नाचं माप) जहागीर मिळाली. तिथे किइ शिगेफुसा हा पिढ्यान्‌पिढ्यांचा सरदार होता. हिदेयोशीने त्याला वतन सोडून शिकोकूला जायला सांगितलं. त्याने नाकारलं आणि डोंगरात ठाण मांडलं. नागामासाने चढाई केली ती सपाटून फसली. मग समेट झाला, मुलगी ओलीस आली. आणि एका दिवशी शिगेफुसा नाकात्सुला पाहुणा म्हणून आला असताना भर मेजवानीत त्याला कापलं. त्याची माणसं गोगानजी मंदिरात थांबली होती, तीही मारली. त्या मंदिराच्या भिंती आजही लाल आहेत. रक्ताचे डाग पांढऱ्या रंगाखालून पुन्हा पुन्हा वर यायचे म्हणून शेवटी लाल रंग दिला असं सांगतात.

पाहुण्याला दाराआड कैद केलं म्हणून ज्याचा पाय गेला, त्याच्याच घरात पाहुण्याला दाराआड मारलं.

रानवारा

काजवा, याचं उत्तर म्हणून 'कानबेई तेव्हा नाकात्सुला नव्हता' असं सांगितलं जातं. तो हिगोमधलं बंड शमवायला गेला होता, हे खरं आहे. पण शिगेफुसाचा मुलगा तोमोफुसा त्याच्याबरोबर हिगोत होता आणि तोही तिथेच मारला गेला. बाप नाकात्सुत आणि मुलगा हिगोत असे दोघे संपतात, तेव्हा एकट्या नागामासाच्या डोक्यातून ते आलं असं मानणं मला जड जातं. वर हिदेयोशीचा हुकूम असणार, हे धरूनसुद्धा.

मी त्याचं समर्थन करणार नाही. लेखात जे कौतुक केलं ते खरं आहे आणि हेही खरं आहे. नाकात्सुच्या किल्ल्यातच पुढे शिगेफुसाचं देऊळ उभं राहिलं, आणि ज्याला शांत करण्यासाठी देऊळ बांधावं लागतं त्याच्याबद्दल गावाचं मत काय होतं ते वेगळं सांगायला नको. कानबेईने पुढच्याच वर्षी, बेचाळिशीत, कारभार मुलाच्या हाती दिला. का दिला यावर अंदाज पुष्कळ आहेत.

पाटकरी

१६०० सालच्या क्युशूबद्दल कुणी लिहील का? माझ्या मते त्याचं सेनानीपण तिथेच सगळ्यात स्वच्छ दिसतं.

उगवतीकडे

मी प्रयत्न करते. हिदेयोशी १५९८ ला गेला, दोन वर्षांत देश दुभंगला. नागामासा कुरोदांची कसलेली फौज घेऊन इएयासुबरोबर पूर्वेला गेलेला. नाकात्सुत उरले म्हातारे, पोरं आणि निवृत्त जोसुई. तो आयुष्यभर काटकसरी म्हणून प्रसिद्ध. खरबुजाची साल जाड कापायला लावून तिचं लोणचं मुरवायचा असं सांगतात. त्या साठवलेल्या पैशातून त्याने उघड भरती सुरू केली. बेकार सामुराई, शेतकरी, कारागीर, जो येईल त्याला हातावर आगाऊ रक्कम. काही दिवसांत नऊ हजारांच्या आसपास माणसं जमली.

समोर होता ओतोमो योशिमुने, आपलं जुनं राज्य परत मिळवायला उतरलेला. सेकिगाहाराच्या दोन दिवस आधी, आजच्या बेप्पूजवळ इशिगाकिबारुला लढाई झाली. कुरोदांच्या आघाडीला सुरुवातीला जबर मार बसला, मग ओतोमोंचा योशिहिरो मुनेयुकी पडला आणि योशिमुने शरण आला. त्यानंतर एकेक किल्ला. इथेही बहुतेक ठिकाणी आधी निरोप, मग वेढा. यानागावाला ताचिबाना मुनेशिगे लढायच्या तयारीत होता, तिथेही शेवटी बोलणीच कामी आली. दक्षिणेच्या शिमाझु घराण्यावर जायची तयारी झाली आणि इएयासुचा थांबण्याचा निरोप आला.

त्याच शरदात त्याने किक्कावा हिरोइएला पत्र लिहिलं की सेकिगाहारा आणखी महिनाभर लांबलं असतं तर मी मोरींच्या चुगोकू मुलखावर चाल करून मोठी लढाई दिली असती. यावरून त्याला स्वतःलाच सत्ता हवी होती असं बरेच जण काढतात. मला त्यात, तो डाव पुरा खेळायला मिळाला नाही म्हणून हळहळणारा त्रेपन्न वर्षांचा माणूस दिसतो. सत्तेसाठी उठणारा माणूस असं पत्र लिहून ठेवत नाही.

मांडवीकाठ

उगवतीकडे, शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. हिरोइए मोरींच्या घरातला, आणि त्याला लिहिलेलं पत्र म्हणजे मोरींना दिलेली समजही असू शकते. हरलेल्या बाजूला उभ्या असलेल्या घराला 'मी येऊ शकलो असतो' हे कळवण्यात मतलब होता.

सांजवेळ

सगळे प्रतिसाद वाचले. एक शेवटचं विचारते. कोठडीतून काढणारा तो कुरियामा झेनसुके, आणि तिथले पहारेकरी, त्यांचं पुढे काय झालं? मोठ्यांच्या हकिकती मिळतात, यांच्या मिळत नाहीत.

रानवारा

सांजवेळताई, या दोघांच्या सुदैवाने मिळतात.

पहारेकरी कातो शिगेनोरी याने कैदेत असताना कानबेईला माणुसकीने वागवलं. कानबेईने त्याच्या लहान मुलाला आपल्याकडे आणून नागामासाबरोबर वाढवलं, कुरोदा हे आडनाव दिलं. तो कुरोदा काझुशिगे. पुढे इशिगाकिबारुच्या वेळी तो नागामासाबरोबर पूर्वेला होता, सेकिगाहारात लढला. त्याच्या वंशजांकडे फुकुओका संस्थानात मिनागीची जहागीर आणि थोरल्या कारभाऱ्याचं पद चालत आलं.

झेनसुकेची गोष्ट त्याच्या मुलापर्यंत जाते. सेकिगाहारानंतर नागामासाला चिकुझेन मिळालं, पाच लाख तेवीस हजार कोकू. नव्या किल्ल्याच्या गावाला बिझेनमधल्या आपल्या पूर्वजांच्या गावावरून फुकुओका नाव दिलं. कानबेई १६०४ साली फुशिमीला वारला. जाताना त्याने आपलं लाल शिरस्त्राण, उलट्या घातलेल्या वाडग्याच्या आकाराचं, झेनसुकेला दिलं आणि नागामासाचा सांभाळ करायला सांगितलं. ते झेनसुकेच्या मुलाकडे, कुरियामा दाइझेनकडे आलं.

नागामासानंतर त्याचा मुलगा तादायुकी गादीवर बसला आणि बेबंद वागू लागला. दाइझेनने वारंवार समजावलं. ऐकलं नाही तेव्हा १६३२ मध्ये त्याने थेट शोगुनाकडे तक्रार केली की माझा धनी बंडाच्या तयारीत आहे. चौकशी झाली, आरोप खोटा ठरला, कुरोदांचं राज्य क्षणभर काढून घेऊन लगेच परत दिलं आणि दाइझेनची रवानगी उत्तरेला मोरिओकाला झाली. खोटा आरोप करून त्याने शोगुनाला मधे ओढलं आणि संस्थान वाचवलं, असं मानणारे बरेच आहेत. मीही त्यातला. तादायुकी तसाच सुटला असता तर ते घराणं दुसऱ्या कुठल्या तरी निमित्ताने बुडालंच असतं.

दाइझेन जाताना ते शिरस्त्राण बरोबर घेऊन गेला. म्हणून कानबेईच्या तलवारी पाहायच्या तर फुकुओकाला जावं लागतं आणि शिरस्त्राण पाहायला मोरिओकाच्या इतिहास संग्रहालयात.

उगवतीकडे

मोरिओकाचं माहीत नव्हतं. पुढच्या सुट्टीत उत्तरेकडे जाणारच आहोत. ते मांडलेलं असलं आणि फोटोला परवानगी मिळाली तर इथेच टाकते.